शुक्रवारची रांगोळी

सव्वीस जानेवारीला हायस्कूलच्या मुलींनी पटांगणात काढलेली रांगोळी मी बुटांनी तुडवली. चुकून नाही, चांगली बघून तुडवली. दोन्ही बाजूंनी बैलगाडी जाईल एवढी जागा होती. मुख्याध्यापक कुंभोजकर सर मला कोपराला धरून कडेने नेत होते. मी हात सोडवून घेतला आणि मोराच्या पिसाऱ्यावरून सरळ व्यासपीठाकडे चालत गेलो. पहाटेपासून चार मुली त्या मोरावर वाकल्या होत्या म्हणे. त्यातल्या एकीला रडू कोसळलं. मागून कुणीतरी म्हणालं, "सुभेदाराचं डोकं फिरलं वाटतं."

फिरलेलं नाही, जागेवर आहे. तेच दुखणं आहे. आमच्या दारात तीस-पस्तीस वर्षांत रांगोळी पडलेली नाही. बायको बिचारी देवघरापुढे चार ठिपके काढते आणि मी त्या खोलीत पाय ठेवत नाही. गाव मला विक्षिप्त म्हणतं. म्हणू दे.

मला बोलावलं होतं भाषणाला. फळ्यावर सुबक अक्षरात विषय लिहिला होता: 'शत्रूच्या घरात घुसून दहशतवादाचा बीमोड.' असा विषय निघाला की या पंचक्रोशीत माझंच नाव पुढे येतं, कारण परक्या देशात जाऊन लढून आलेला मी एकटाच उरलोय. दुसरा आनंदा खोत होता. तो आमच्याच गावचा.

अठ्ठ्याऐंशी साली आम्ही दोघं श्रीलंकेच्या उत्तर टोकाला होतो. मी लान्स नाईक, आनंदा शिपाई. आमची तुकडी एका लहानशा रेल्वे स्टेशनात उतरली होती. लढाई पेटल्यापासून गाडी बंद होती, रुळांवर शेळ्या चरायच्या. तिकीटघरात आमचा वायरलेस, वेटिंग रूममध्ये खाटा आणि फलाटावर वाळूच्या गोण्या. एकच वस्तू जुन्या कारभाराप्रमाणे चालू होती, ती म्हणजे फलाटावरचं घड्याळ. दर सोमवारी सकाळी रिटायर झालेले स्टेशन मास्तर पोन्नुदुरै हातात किल्ली घेऊन यायचे, झडती देऊन आत शिरायचे, स्टुलावर चढून घड्याळाला चावी द्यायचे आणि जायचे. गाडी येणार नाही हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"मास्तर, कशाला चावी देता? गाडी तर येत नाही," मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते स्टुलावरूनच म्हणाले, "गाडी नाय आला तर टाइम पण बंद करायचा काय?"

मी चाटच पडलो. तरुणपणी चार वर्षं ते माटुंग्याला मामाच्या खाणावळीत होते. तिथून ही मराठी घेऊन आले होते, आणि त्या परमुलखात ती तोडकीमोडकी भाषा ऐकून मला भडभडून आलं होतं. तेव्हापासून सोमवारी मी त्यांच्यासाठी चहा ठेवायचो.

"तुमी लोक इकडे कशाला आला?" एकदा चहा पिता पिता त्यांनी विचारलं. त्यात राग नव्हता. गाडी लेट का झाली असं विचारावं, तसं विचारलं.

मी साहेबांच्या तोंडचं सांगितलं. "इथली आग आमच्या घरापर्यंत येऊ नये म्हणून. इथेच विझवली की तिकडे आमची पोरंबाळं सुखात."

"आणि माझा पोरगा, पोरगी?"

"त्यांच्यासाठीच की."

मास्तर हसले. बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "तुमी लोक कोलमवर पाय देत नाय. ते चांगला हाय. तुमच्या आधी दुसरा पलटण होता, ते देत होता."

कोलम म्हणजे त्यांची रांगोळी. स्टेशनपासून चौकापर्यंत एक गल्ली होती, दोन्ही बाजूंना ताडाच्या झावळ्यांची उंच कुंपणं, आणि कुंपणांतून फाटकं. इतर दिवशी बायका नुसता सडा टाकायच्या, पण शुक्रवारी प्रत्येक फाटकासमोर तांदळाच्या पिठाची रांगोळी पडायची. आमची गस्त त्याच गल्लीतून जायची. आम्ही सगळे सांगली-साताऱ्याकडचे. आयांनी लहानपणी पाठीत धपाटे घालून शिकवलेलं, रांगोळीवर पाय देऊ नये म्हणून. हातात बंदूक आली म्हणून काही ते अंगातून जात नाही. मग रांगोळी आली की अख्खी रांग वळसा घालून कडेने जायची, एकामागे एक. मास्तरांची मुलगी योगराणी फाटकात पिठाचा वाडगा धरून हे बघत उभी असायची. वीस-बावीसची असेल. गल्लीत एवढ्या बायका होत्या, पण आम्हाला बघून आत पळून न जाणारी ती एकटीच होती. एकदा आनंदाचा पाय रांगोळीवर पडता पडता राहिला आणि तो कुंपणावर आदळला, तेव्हा ती खुदकन हसली होती. आनंदा पुढचे चार दिवस त्याच हसण्यावर जगला.

"हिंदूराव, आपल्याकडं बघून हासली का माझ्याकडं?"

"तुझ्या तोंडाकडं बघून कोण बी हासंल."

मास्तरांना एक मुलगाही होता, कुगन. तो जर्मनीला गेलाय असं ते सांगायचे.

पुढचं सांगण्याआधी त्या वर्षीच्या जानेवारीतली एक गोष्ट सांगायला हवी. तेव्हा आमच्यावर एक कॅप्टन होते. त्यांनी कुठून तरी एक मुंडीवाला मिळवला. मुंडीवाला म्हणजे खबऱ्या. गावातल्या पुरुषांना रांगेत चालवायचं, आणि समोर डोक्यावरून गोणपाट घातलेला एक माणूस खुर्चीवर बसवायचा. गोणपाटाला डोळ्यांपुरती दोन भोकं. बंडखोरांपैकी कुणी समोर आला की गोणपाट हलायचं, आम्ही त्याला बाजूला काढायचो. बंडखोरांना तिकडे नुसतं 'पोरं' म्हणत. मुंडीवाल्याचं नाव कॅप्टनसाहेबांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, कागदावरही नुसता आकडा. तीन दिवस मी त्याच्या खुर्चीशेजारी पहारा दिला. उन्हात आत त्याचा जीव गुदमरायचा. मी गोणपाट हनुवटीपर्यंत वर करून माझ्या बाटलीतलं पाणी पाजायचो. तोंड काही मी पाहिलं नाही. बघायला मिळायचे ते त्याचे पाय. पायांत रबरी चपला होत्या, एका चपलेचा पट्टा निळा आणि दुसरीचा लाल.

त्या तीन दिवसांत नऊ माणसं मिळाली आणि दोन पोती दारूगोळा. त्या मुंडीवाल्याने आमच्यातल्या किती जणांचे प्राण वाचवले असतील याचा हिशेब नाही. फेब्रुवारीत कॅप्टनसाहेबांच्या मांडीत गोळी घुसली आणि त्यांना विमानाने परत पाठवलं. त्यांच्या जागी मेजर बक्षी आले.

मेजर बक्षी तडफदार माणूस होते. रोज सकाळी हिंदीत सांगायचे, इथे एक मारला की घरी शंभर वाचतात. ते त्यांना मनापासून वाटत होतं, आणि मलाही वाटत होतं. आज हसू येतं, पण तेव्हा छाती फुगायची.

मार्चमध्ये घरून पत्र आलं. माझ्या बायकोला, शालनला, आठवा लागला होता. याआधी दोन वेळा तिचं पोट रिकामं झालं होतं, दोन्ही वेळा मी सीमेवर कुठेतरी. या खेपेला तिने पत्रात एकच ओळ स्वतःच्या हाताने लिहिली होती, 'आता नसला तर मग कधीच येऊ नका.' मी रजेचा अर्ज टाकला. साहेबांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला.

"सगळ्यांनाच घरी जायचंय, हिंदूराव," ते म्हणाले. "तीन आठवड्यांपूर्वी नाल्यावर चकमक झाली. सहा मारले आपण, आणि प्रेतं त्यांनी उचलून नेली. ती कुणाची पोरं होती ते मला हवंय. त्यातलं एक घर मला दाखव, रजेवर मी सही करतो."

मी बाहेर आलो ते डोकं धरूनच. घर कुठलं दाखवणार? त्या गल्लीतली सगळी घरं बंद तोंडाची.

आणि मग शुक्रवार आला. गस्तीत चालताना आनंदाने मला ढोसलं.

"आज बी न्हाई काढली बघ तिनं."

"काय न्हाई काढली?"

"रांगोळी. मास्तरच्या दारात. हा तिसरा शुक्कीरवार."

मी थांबलो. गल्लीभर रांगोळ्या होत्या आणि मास्तरांच्या फाटकासमोर नुसती लाल माती. योगराणी फाटकात नव्हती. आपल्याकडे घरात कोणी गेलं की दारात रांगोळी पडत नाही. तिकडेही तसंच. पंजाबातल्या किंवा डोंगराकडच्या पलटणीला हे कधी कळलं नसतं. आम्हाला न विचारता कळलं.

सोमवारी मास्तर चावी द्यायला आले. दाढीचे पांढरे खुंट वाढले होते. इतके दिवस हा माणूस गुळगुळीत दाढी केल्याशिवाय फलाटावर आला नव्हता.

"मास्तर, घरी सगळं बरं ना?"

"सगळा बरा."

"कुगनचं पत्र?"

स्टुलावर त्यांचे पाय थोडे हलले. "आला. जर्मनीला थंडी लय हाय म्हणतो."

चहा न घेताच ते गेले. दारात रांगोळी नाही, तोंडावर वस्तरा नाही, आणि म्हणतो सगळं बरं. माझ्या डोक्यात गणित जुळलं. तीन आठवडे. नाल्यावरची चकमक. मुलगा जर्मनीला गेलाच नसणार, पोरांत गेला असणार. त्याचं सुतक हा म्हातारा लपूनछपून पाळतोय. वाईट वाटलं का? वाटलं. पण आधी आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी चौथ्यांदा रांगोळी पडली नाही, तेव्हा मी साहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावर हात मारला.

"रांगोळीवरून! अरे वा! हे आमच्या बापजन्मी सुचलं नसतं." ड्रॉवरमधून अर्ज काढून त्यांनी माझ्यासमोर सही केली आणि कागद पुन्हा आत ठेवला. "सोमवारी सकाळी झडती. खरं निघालं तर अकराच्या ट्रकने तू विमानतळावर. खोटं निघालं तर हा कागद मी फाडणार."

सोमवारी आठला आम्ही मास्तरांचं घर वेढलं. साहेब फाटकाशी उभे राहिले, सोबत आमचा दुभाषा होता. तो शेजारच्याच गावचा. दोन्ही बाजूंच्या कुंपणांवरून डोकी दिसत होती. मास्तर पायरीवर उभे होते, हातात घड्याळाची किल्ली. निघायच्या बेतात असावेत. योगराणी त्यांच्या मागे.

साहेबांनी मला आत पाठवलं. दोन खोल्या धुंडाळल्या, काही नाही. तिसरी अंधारी, धान्याची. तिथे जमिनीवर दिवा तेवत होता. त्याच्यामागे फोटो नव्हता, हार नव्हता. कुणी विचारलं तर सांगता यावं की नुसताच दिवा आहे. पण दिव्याची वात दक्षिणेला होती. मी मनात म्हटलं, सुटलो.

आणि मग दिव्याच्या पलीकडे मला चपला दिसल्या. रबरी. एका चपलेचा पट्टा निळा, दुसरीचा लाल.

मी खाली बसलो आणि हात लावून पाहिल्या. तीन दिवस दुसरं काही पाहायला नव्हतं म्हणून मी त्या चपला पाहिल्या होत्या. त्यांची टाच कुठे झिजलीय तेही मला माहीत होतं. कुगन चकमकीत मेला नव्हता. कुगन आमचा मुंडीवाला होता. पोरांना पत्ता लागला आणि त्यांनी त्याला मारला. तिकडे गद्दाराचं प्रेत विजेच्या खांबाला बांधत, आणि त्याच्यासाठी कुणी रडलं तर त्याचीही तीच गत. म्हणून हे घर गुपचूप सुतक पाळत होतं. त्या सगळ्या गावात आमच्या बाजूने उभं राहिलेलं हे एकच घर, आणि मी ते वेढून बसलो होतो.

मागे पावलं वाजली. मास्तर आत आले होते. दुभाष्याला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलले, मराठीत.

"हिंदूराव. कुगन घरी सांगत होता, एक मराठा हाय, तो पाणी देतो. नाव पण सांगितला. तू मेजरला सांग. मी तिकडे बोलला तर सगळा गल्ली ऐकेल. मग योगा पण जाईल." त्यांनी मानेवर बोट फिरवून दाखवलं. "तू सांग. तुमच्या हिंदीत, हळू. बस."

"सांगतो," मी म्हणालो.

खरंच सांगणार होतो. अंगण ओलांडून फाटकापर्यंत वीस पावलं असतील. साहेबांना बाजूला घेऊन कानात एक वाक्य बोलायचं होतं. मला फक्त बोलायचं होतं. पण त्या वीस पावलांत मला साहेबांचा ड्रॉवर दिसला, शालनची ती ओळ दिसली आणि मनगटावरच्या घड्याळात पावणेनऊ दिसले. मनाने लगेच वकिली सुरू केली. छावणीत नेल्यावर म्हातारा स्वतःच सांगेल की. तिथे कोण ऐकतंय? दोन दिवस ठेवतील, चौकशी करतील, सोडून देतील. तोवर मी घरी पोहोचलेला असेन.

"काही मिळालं?" साहेबांनी विचारलं.

"दिवा आहे, साहेब. सुतकाचाच आहे."

"पक्कं?"

मास्तर पायरीवर येऊन माझ्याकडे बघत होते.

"पक्कं, साहेब," मी म्हणालो.

त्यांना धरलं तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. ट्रककडे जाताना माझ्यापाशी थांबले. मला वाटलं, थुंकणार. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

"आज सोमवार हाय," एवढंच म्हणाले.

योगराणी कुंपणाला टेकून उभी होती. तिला मराठी येत नव्हती, पण बापाने मला काय सांगितलं असणार हे तिला ठाऊक होतं, आणि मी काय केलं ते समोर दिसत होतं. तिने माझ्या तोंडाकडे नाही पाहिलं. माझ्या बुटांकडे पाहत राहिली.

अकराच्या ट्रकने मी गेलो. घड्याळाला चावी द्यायची राहिली. किल्ली खिशात तशीच गावापर्यंत आली.

मुलगी झाली. सुखरूप. बारशाला आईने अंगणभर रांगोळ्या काढल्या. भावकीतली माणसं जेवायला बसली होती.

"काय हिंदूराव, तिकडची घाण साफ झाली का न्हाई?" चुलत्याने विचारलं.

"होत आलीया, आण्णा."

"झालीच पायजे. तिकडंच ठेचलं म्हंजे हिकडं ताप न्हाई."

मी हो म्हटलं आणि मुलीला मांडीवर घेऊन बसलो. तिच्या मुठीत माझं बोट होतं. तिची शप्पथ घेऊन सांगतो, त्या वेळी मला मास्तरांची आठवणही नव्हती.

दोन महिन्यांनी परतलो. फलाटावर उतरलो तर घड्याळ पावणेपाचवर थांबलेलं. आनंदा गोण्यांवर बसून बूट घासत होता. मला बघून उठला नाही.

"मास्तर गेलं," तो म्हणाला.

"कुठं?"

"कुठं काय? मेलं. तिसऱ्या दिवशी. दमा हुता म्हणत्यात." तो ब्रश आपटून माती झाडत राहिला. "दोन दिवस म्हातारं एकच सांगत हुतं. माझा पोरगा तुमचा माणूस हुता, तुमच्यापायी मेला. साहेब म्हणलं, हितं घावलेला परत्येक जण आसंच सांगतो."

"मग?"

"मग म्हणालं, हिंदूरावला इचारा. त्यानं पाणी पाजलंया. साहेब म्हणलं, हिंदूराव रजेवर गेलाय."

आनंदाने मान वर केली. "तुला ठावं हुतं व्हय रं?"

"न्हाई," मी म्हणालो.

त्याने मान खाली घातली आणि पुन्हा बूट घासायला लागला. लहानपणापासूनचा दोस्त होता. त्याला कळलं असणार.

"आणि योगराणी?"

"पोरांत गेली म्हणत्यात. घर बंद हाय."

मेजर साहेबांनी पाठ थोपटली. त्या घराचा कागद वर गेला होता, 'बंडखोराचा अड्डा उद्ध्वस्त' असा, आणि त्यावर माझं नाव होतं. दोन महिन्यांत गल्लीतून आणखी सात पोरं निघून गेल्याचंही साहेबांनी सांगितलं, म्हणजे आपल्याला अजून जोर लावावा लागेल. साहेबांच्या हिशेबात ते बरोबर बसत होतं.

मी आल्यापासूनच्या तिसऱ्या शुक्रवारची गोष्ट. सकाळी साडेसातची गस्त. पुढे मी, मागे पाच पावलांवर आनंदा, त्याच्यामागे बाकीचे सहा जण. मास्तरांचं घर जवळ आलं तशी माझी मान आपोआप खाली गेली. दोन आठवडे मी ते फाटक न बघताच ओलांडत होतो.

आणि फाटकासमोर रांगोळी होती.

ताजी, पांढरीशुभ्र. गल्लीत तशी रांगोळी मी कधी पाहिली नव्हती. फाटकासमोरून जवळजवळ रस्त्याच्या पलीकडच्या कडेपर्यंत आली होती, वेलींत वेली गुंतलेल्या, एक ठिपका इकडचा तिकडे नाही. पिठाला नुकत्या मुंग्या लागत होत्या.

मला काय वाटलं ते आज सांगायची लाज वाटते. मला हायसं वाटलं. वाटलं, कुणीतरी नातेवाईक राहायला आले असतील, योगराणी परत आली असेल, घर पुन्हा घर झालं असेल. म्हणजे मी केलं ते एवढंही वाईट झालं नसेल. मी मागे वळून आनंदाला हाक मारली. परत आल्यापासून त्याच्याशी धड बोललो नव्हतो.

"सुतक फिटलं रं!"

आनंदाने पाहिलं आणि त्याचं तोंड उजळलं. "आयला, बेस काढलीया की."

मी रांगोळीला डावीकडून वळसा घातला. तिकडे गटार होतं, त्याच्या काठावरून कसाबसा गेलो. आनंदा नेहमीच्या बाजूने गेला, उजवीकडून, फाटकाला लागून. त्याला आत डोकावायचं होतं. तिथे पाऊल ठेवायला बरोबर एका माणसापुरती वाट मोकळी सोडली होती.

स्फोटाने मी गटारात फेकला गेलो. वर आलो तेव्हा आनंदा फाटकाला टेकून बसला होता आणि त्याला कमरेखाली काही नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता. काहीतरी बोलायचं होतं त्याला, ओठ हलत होते, पण माझे कान बंद झाले होते. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याने काय सांगितलं ते मला कधीच कळलं नाही.

त्याच्या शेजारी अर्धी रांगोळी तशीच होती. सुरुंग रांगोळीखाली नव्हता. योगराणीने तो कडेला पुरला होता, चांगला पाय पडेल तिथे. एवढ्या फौजेत रांगोळीला वळसा घालणारी पलटण आमचीच होती, आणि दर शुक्रवारी फाटकात उभी राहून ती आमच्या पावलांकडे बघत आली होती. तिने न काढलेली रांगोळी मी वाचली होती. मग तिने माझ्यासाठी एक काढली. पाय फक्त आनंदाचा पडला.

आनंदाच्या आईला मी सांगितलं की तो देशासाठी गेला. तिने मला जेवायला वाढलं.

नव्वद साली आम्ही परत आलो. पुढच्या वर्षी तिकडची आग समुद्र ओलांडून आपल्या भूमीवर आली, आणि अंगाला बॉम्ब बांधून आलेल्या तिकडच्या एका बाईने आपल्या माजी पंतप्रधानांना मारलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. पेपरात त्या कटातल्या बायकांचे फोटो छापून येत, तेव्हा मी एकेक चेहरा भिंगाखाली धरायचो. योगराणी त्यांत नव्हती. नव्हती याचं मला बरं वाटलं की वाईट, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. घड्याळाची किल्ली माझ्या ट्रंकेत आहे.

तर सव्वीस जानेवारीला कुंभोजकर सरांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि माईक हातात दिला. समोर सहाशे पोरं. फळ्यावर तो विषय. मी माईकमध्ये खाकरलो. सांगायचं मनात होतं. पस्तीस वर्षं मनात आहे. दोन-तीन वाक्यांचं काम होतं.

"आम्ही तिकडे जाऊन ठेचलं," मी म्हणालो, "म्हणून तुम्ही इकडे सुखात शाळा शिकताय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम आटोपून फाटकाकडे निघालो तर ती रडणारी मुलगी वाटेत उभी होती. आठवी-नववीतली असेल. हातांना अजून निळा-हिरवा रंग होता. चुकवून जावं म्हटलं, पण ती हलली नाही.

"आजोबा, बाजूला एवढी जागा होती," ती म्हणाली. "बाजूनं का नाही गेलात?"

"चष्मा घरी राहिला गं," मी म्हणालो. "दिसलंच नाही मला."